जांभळा पीसीएम ५१०२ डॅक बोर्ड आणि रास्पबेरी पाय, आत्याच्या गाण्याच्या क्लाससाठी घेतला, चार महिने वापरून लिहितोय

आधी निकाल सांगतो म्हणजे घाईत असणाऱ्यांना सगळं वाचायला नको. (रास्पबेरी पाय म्हणजे तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, ह्यापुढे नुसतं पाय म्हणतो, आणि डॅक म्हणजे त्याच्याकडून आलेल्या आकड्यांचा आवाज करणारी चिप.) बोर्ड घ्या, आवाज खरंच सुंदर आहे, पण पाकिटातून काढला की पहिल्यांदा उलटा करून बघा, मागच्या बाजूला सोल्डरचे चार ठिपके मारलेत का, आणि पुढच्या बाजूला एससीके लिहिलंय तिथला एक. नसतील तर पाय चालू करायच्या आधी ते मारून घ्या. एवढं एक वाक्य मला कोणी सांगितलं असतं तर माझ्या दोन रात्री आणि आत्याचा अख्खा आठवडा वाचला असता, म्हणूनच हे लिहायला बसलोय.

आत्या मिरजेत गाणं शिकवते, घरीच, पुढच्या खोलीत, संध्याकाळी पाच ते आठ. मिरजेला तंबोऱ्याचं काय सांगायचं, इथंच बनतात, पंढरपूरकडचे भोपळे येतात आणि इथल्या गल्लीत त्याचे तंबोरे होतात, २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं. आत्याकडे स्वतःची जोडी आहे, पण तिच्या बोटांना आता संधिवात आहे, तीन तास छेडणं तिला जमत नाही, आणि शिकायला येणाऱ्या पोरी अजून लहान, एकाच वेळी तंबोरा पण धरायचा आणि गायचं पण हे त्यांना झेपत नाही. मग गेली काही वर्षं मोबाईलवरचा तंबोरा आणि ब्लूटूथ स्पीकर असं चाललेलं. मध्येच फोन आला की तंबोरा बंद, स्पीकरची बॅटरी संपली की बंद, आणि सूर सुटला की पोरीचं लक्ष पण सुटतं. आत्याचं म्हणणं एवढंच होतं की अरे एक डबा कर मला, बटण दाबलं की माझाच तंबोरा वाजला पाहिजे, एका बटणावर काळी पाच, दुसऱ्यावर काळी एक (पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून सुराची नावं), आणि मी बंद करेपर्यंत थांबता कामा नये.

तंबोरा करणाऱ्या ओळखीच्या काकांकडून आम्ही दोन्ही तंबोऱ्यांची जवारी नव्याने लावून घेतली, आणि एका रात्री अकरानंतर रस्ता शांत झाल्यावर मित्राचा रेकॉर्डर आणून वीस वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं. आत्याने स्वतः छेडलं, मध्ये दोनदा थांबून हात शेकले. त्यामुळे हे रेकॉर्डिंग जसंच्या तसं ऐकू आलं पाहिजे हे माझ्या डोक्यात पक्कं होतं, कसंतरी चालवून द्यायचं नव्हतं.

घरात एक जुना पाय थ्री पडून होता, त्याला हेडफोनसारखं भोक असतं, त्यातून वायर काढून जुन्या अॅम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये घातली. वाजलं. पण जवारी गेली. ज्यांना तंबोरा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जी एक झणझण, मधमाशांच्या पोळ्यासारखी गुंज आणतात ती जवारी, आणि ती सगळी वरच्या बारीक स्वरांमध्ये असते. पायच्या त्या जॅकमागे खरा डॅक नसतोच, पीडब्ल्यूएम नावाची पद्धत वापरून आवाज तयार करतात आणि त्याची बारकाई सोळा बिटच्या सीडीइतकी नसते, पार कमी असते. शिवाय पाठीमागे कायम एक शूऽऽ आवाज. यूट्यूबवरचे व्हिडिओ बघायला चालेल, पण तंबोऱ्याची गुंज जिथून सुरू होते तिथंच तो शूऽऽ बसलेला. आत्याने अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाली, हा माझा तंबोरा नाही. बरोबरच होतं तिचं.

तर मग वेगळा डॅक. पर्याय तीन होते. एक म्हणजे यूएसबीचं छोटं साऊंड कार्ड, ते लावलं की चालतं पण मला डबा लहान हवा होता म्हणून पाय झीरो टू डब्ल्यू घेणार होतो आणि त्याला यूएसबी जोडायला एकच छोटं भोक असतं, तिथं ओटीजी अडकवून बसवणं मला नको वाटलं. दुसरा पर्याय चांगल्या कंपन्यांचे तयार हॅट, पायवर टोपीसारखे बसतात, चाळीसच्या चाळीस पिना जुळतात, त्याला दुप्पट तिप्पट पैसे. तिसरा हा जांभळा बोर्ड, अंगठ्यापेक्षा थोडा मोठा, वर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची पीसीएम ५१०२ ए चिप, एका टोकाला साडेतीन एमएमचा जॅक. मला ३८० रुपयाला पडला, कुरिअर वेगळं. चिपच्या कागदावर ११२ डेसिबल सिग्नल टू नॉइज, ३२ बिट आणि ३८४ किलोहर्ट्झपर्यंत लिहिलंय, तंबोऱ्याला त्यातलं निम्मं पण लागणार नाही. ह्याच चिपवर कितीतरी महागडे बोर्ड पण बनतात, म्हणजे चिपमध्ये काही कमी नाही.

जोडायच्या वायरी फक्त पाच. पाच व्होल्ट आणि ग्राउंड, आणि आय टू एस च्या, म्हणजे पायकडून डॅककडे आवाजाचे आकडे नेणाऱ्या, तीन. पायच्या १२ नंबर पिनवरून बीसीके, ३५ वरून एलसीके, ४० वरून डीआयएन. पाच व्होल्ट २ नंबरवरून आणि ग्राउंड ६ किंवा ३९ वरून. बोर्डावर सहावी पिन आहे एससीके नावाची, तिला पायकडून काही येत नाही, तिचं नंतर सांगतो कारण अर्धी भानगड तिथंच आहे.

लिनक्सच्या बाजूचं काम पण थोडकंच. कॉन्फिग डॉट टीएक्सटी नावाच्या फाईलमध्ये एक ओळ टाकायची, डीटीओव्हरले बरोबर हायफायबेरी डॅश डॅक. बोर्ड त्या कंपनीचा नसला तरी ओळ हीच, कारण त्यांच्या सुरुवातीच्या बोर्डावर पण हीच जातीची चिप होती आणि ड्रायव्हर तोच चालतो. एक गोष्ट इथं लक्षात ठेवा, २०२३ च्या शेवटी बुकवर्म नावाची पायची सिस्टिम आल्यापासून ही फाईल बूटच्या आत फर्मवेअर नावाच्या फोल्डरमध्ये गेलीय. जुनी माहिती वाचून तुम्ही नुसत्या बूटमधली उघडाल तर तिथं त्याच नावाची फाईल सापडेल पण आत लिहिलेलं असेल की इथं काही बदलू नका, आणि बदललं तरी काही होणार नाही. डीटीपॅरम ऑडिओ ऑन ही ओळ मी पुढं हॅश टाकून बंद केली, आणि एचडीएमआयचा आवाज पण बंद केला, व्हीसी ४ वाल्या ओळीच्या शेवटी स्वल्पविराम नोऑडिओ लिहून, म्हणजे एकच साऊंड कार्ड शिल्लक राहतं आणि नंबरचा गोंधळ होत नाही.

हे सगळं केलं, रिस्टार्ट केलं, एप्ले डॅश एल ही साऊंड कार्डांची यादी दाखवणारी कमांड मारली आणि स्क्रीनवर कार्ड आलं, एसएनडी आरपीआय हायफायबेरी डॅक, झकास. स्पीकर टेस्ट चालवली, स्क्रीनवर फ्रंट लेफ्ट फ्रंट राईट असं बिनबोभाट चाललंय, एक एरर नाही. आणि स्पीकरमधून काही म्हणजे काहीच नाही. शूऽऽ पण नाही.

आता इथं मी काय केलं ते सांगतो कारण बहुतेक जण हेच करत असणार. कार्ड दिसतंय म्हणजे बोर्ड बरोबर जोडलाय, म्हणजे दोष पुढं कुठंतरी आहे, असं मी धरून चाललो. ऑक्सची वायर बदलली. अॅम्प्लिफायर बदलला, शेजाऱ्यांचा आणला. मेमरी कार्डवर पहिल्यापासून सिस्टिम टाकली. मग जुनी सिस्टिम टाकली. एम्प्लेअर, एमपीडी असे गाणी वाजवणारे प्रोग्रॅम सगळे करून झाले. आवाज कमीजास्त करायचं अल्सामिक्सर उघडलं तर ते म्हणतं या कार्डाला कंट्रोलच नाहीत, मला वाटलं हाच दोष, त्यावर एक रात्र गेली. (तो दोष नाही. ह्या चिपला व्हॉल्यूमची सोयच नाही आतून, कंट्रोल दिसायलाच नको आहेत. तुमच्याकडे पण तसंच दिसलं तर घाबरू नका.) ज्याच्याकडून घेतला त्याला मेसेज केला, उत्तर आलं ड्रायव्हर इन्स्टॉल करा.

दुसऱ्या रात्री साडेबाराच्या सुमारास, चिडून म्हणा, मी पाय चालू असतानाच बोर्डाच्या तिन्ही आय टू एस वायरी काढून टाकल्या आणि परत एप्ले डॅश एल मारलं. कार्ड आहेच. मग पाय बंद केला, बोर्डच पूर्ण काढून बाजूला ठेवला, पाय एकटा चालू केला. तरी कार्ड आहे! तिथं माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि हीच गोष्ट मला ह्या सगळ्या लिखाणात सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून नीट सांगतो.

ही चिप पायला उलट काहीच बोलत नाही. आय टू एस मध्ये पाय नुसतं पाठवत राहतो, घड्याळाचे ठोके आणि आकडे, समोर कोणी ऐकतंय का ह्याची त्याला काही खबर नसते. महागड्या पीसीएम ५१२२ वाल्या बोर्डांवर आय टू सी ची वेगळी लाईन असते, त्यावरून ड्रायव्हर चिपला विचारतो आहेस का, ती बोलली नाही तर कार्डच बनत नाही आणि डीमेसेज म्हणजे सिस्टिमच्या नोंदींमध्ये एरर पडते. शिवाय खऱ्या हॅटवर एक छोटी मेमरी चिप असते, २७ आणि २८ नंबरच्या पिनांवर, चालू होताना पाय ती वाचून मी अमुक बोर्ड आहे हे समजून घेतो, २०१४ ला हॅटचे नियम ठरले तेव्हापासून ती पद्धत आहे. ह्या जांभळ्या बोर्डावर ह्यातलं काही नाही. तुम्ही फाईलमध्ये ओळ लिहिली की डॅक आहे, लिनक्सने विश्वास ठेवला, संपलं. म्हणजे एप्ले डॅश एल मध्ये जे दिसतं ते तुम्ही लिहिलेल्या ओळीचं प्रतिबिंब आहे, बोर्डाचा पुरावा नाही. मी दोन रात्री सॉफ्टवेअरमध्ये शोधत होतो आणि सॉफ्टवेअरला बोर्डाबद्दल काही माहीतच नव्हतं.

हे कळल्यावर मग मल्टिमीटर घेतला. व्हीआयएन वर पाच व्होल्ट, ठीक. बाजूच्या पिनांच्या रांगेत ए थ्री व्ही थ्री लिहिलंय तिथं ३.३, ठीक, म्हणजे बोर्डावरचे रेग्युलेटर जिवंत. त्याच रांगेत एक्सएसएमटी लिहिलेली पिन आहे, तिथं जवळजवळ शून्य. आणि ही पिन म्हणजे सॉफ्ट म्यूट, खाली असेल तर चिप तोंड बंद करून बसते, वर ३.३ ला असेल तरच बोलते. चिप पहिल्या दिवसापासून म्यूटवर होती.

आत्याचं कपड्यावरचं शिवणकाम बघायचं भिंग आहे, ते आणि मोबाईलची टॉर्च घेऊन बोर्ड उलटा केला. मागे तांब्याच्या बारीक बारीक टिकल्यांचे चार गट, तांदळाच्या दाण्याच्या टोकाएवढी एकेक टिकली, प्रत्येक गटात तीन, एका बाजूला एच, दुसऱ्या बाजूला एल, मध्ये १ २ ३ ४ आकडे. मधली टिकली एचला जोडायची का एलला हे सोल्डरच्या थेंबाने ठरवायचं. विकणाऱ्याच्या फोटोत चारही जोडलेले आहेत, मी झूम करून बघितलं. माझ्या हातातल्यावर एकही नाही, चकचकीत कोरे. म्हणजे चिपच्या चारही सेटिंगच्या पिना कशालाच न जोडता लोंबकळत होत्या.

१ म्हणजे फिल्टर, एलला. २ म्हणजे डीएम्फसिस, एलला. ३ म्हणजे म्यूट, हा एकटाच एचला. ४ म्हणजे आवाजाचा फॉरमॅट, एलला, म्हणजे आय टू एस. लक्षात ठेवायला एकच, तिसरा वर बाकी खाली. आणि कुठल्याही गटात तिन्ही टिकल्या एकत्र होऊ देऊ नका, एच म्हणजे ३.३ व्होल्ट आणि एल म्हणजे ग्राउंड, दोन्ही मिळाले की शॉर्ट.

मग पुढची बाजू. एससीके पिनच्या मागंच दोन टिकल्या आहेत, त्या पण जोडायच्या म्हणजे एससीके ग्राउंडला जातं. चिपला खरं तर मास्टर घड्याळ लागतं, पाय ते देत नाही, पण एससीके ग्राउंडला बांधलं की चिप समजते की बाहेरून घड्याळ येणार नाही, आणि मग बीसीके वरून आतल्या आत स्वतःचं तयार करते. ती पिन मोकळी राहिली तर हवेतलं काहीतरी पकडत बसते, कधी खरखर, कधी आवाज येतो आणि जातो, कधी काहीच नाही. टिकल्यांवर सोल्डर मारायला भीती वाटत असेल तर एससीके पिनवरून शेजारच्या ग्राउंडला एक वायर मारली तरी तेच काम होतं.

सोल्डर मारताना एक अनुभव. माझ्या गनचं टोक जाड होतं, पहिल्या गटावर मारताना थेंब पसरला आणि तिन्ही टिकल्या झाकल्या. विक म्हणजे सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी लावून काढला. मग टोक बदललं, आधी टिकल्यांवर फ्लक्स लावला, गनच्या टोकावर मोहरीएवढं सोल्डर घेतलं आणि दोन टिकल्यांच्या मधोमध टेकवून लगेच उचललं. फ्लक्स असेल तर सोल्डर आपोआप दोन टिकल्यांवरच धरतं. पाचही ठिपके दहा मिनिटांत झाले. प्रत्येक ठिपका मारल्यावर मल्टिमीटरने बघितलं की ए थ्री व्ही थ्री आणि ग्राउंड जुळलेले नाहीत ना.

परत जोडला, चालू केला. स्पीकर टेस्ट नाही लावली ह्यावेळी, सरळ आत्याचा काळी पाचचा तंबोरा लावला. पहिला पंचम वाजला, मग जोड, जोड, आणि खरज आला तेव्हा त्याच्या मागनं जवारी उलगडत गेली, एकेक स्वर वेगळा काढता येईल अशी. रात्री दीड वाजता आवाज एकदम बारीक ठेवलेला, तरी आत्या आतून उठून आली. काही बोलली नाही, खुर्चीवर बसली आणि हळू आवाजात सा लावला.

आवाजाबद्दल आता नीट लिहितो. सगळ्यात मोठा फरक शांततेचा आहे. दोन छेडण्यांच्या मध्ये जी मोकळी जागा असते ती खरंच मोकळी आहे, शूऽऽ नाही. मी मुद्दाम उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची १९३० च्या दशकातली जुनी रेकॉर्डिंग लावून बघितली, मिरजेत दर वर्षी दर्ग्यात त्यांच्या नावाने गाणं होतं त्यामुळे आमच्याकडे ती असतातच. त्यात तबकडीची खरखर आहे, पण आता ती तबकडीची म्हणून ओळखू येते, गोल गोल फिरत येणारी, आणि आवाज तिच्या पुढे उभा राहतो. पायच्या जॅकवरून दोन्ही खरखरी एकमेकांत कालवलेल्या ऐकू यायच्या. वरचे स्वर टोचत नाहीत. खालचा खरज स्पीकर मोठा असेल तर भरून येतो, आमचे शेल्फवरचे मध्यम आहेत, त्यातून पण पुरेसा येतो.

हेडफोन मात्र ह्याला लावू नका. जॅक बघून वाटतं की हेडफोनचाच आहे, पण हे लाईन आउट आहे, अॅम्प्लिफायरच्या ऑक्सला द्यायचं. दोन व्होल्टच्या वर सिग्नल मिळतो त्यामुळे अॅम्प्लिफायर खूष, पण कमी ओहमचा हेडफोन ओढायची ह्या चिपची ताकद नाही, आवाज फाटतो.

पुढचे काही दिवस गुणगुण होती, पन्नास हर्ट्झची, अॅम्प्लिफायर वाढवला की. कारण पायला लावलेला मोबाईलचा चार्जर निघालं. तो वेगळ्या खोलीतल्या प्लगवर होता आणि अॅम्प्लिफायर वेगळ्या. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणले आणि पायला पाच व्होल्ट अडीच अँपिअरचा चांगला अॅडॉप्टर घेतला, गेली. जुना चार्जर व्होल्टेज पण पाडत होता, व्हीसीजेनसीएमडी गेट थ्रॉटल्ड मारलं की कळतं, शून्य एक्स शून्य आलं पाहिजे, माझ्याकडे पाच आणि पुढे चार शून्यं येत होती, म्हणजे मध्ये कधीतरी व्होल्टेज पडलेलं. बोर्डाला दोष देण्याआधी हे बघा. वायरी पण आधी वीतभर लांब डुपॉन्ट, म्हणजे पिनांवर नुसत्या खुपसायच्या, होत्या, हात लागला की टक टक व्हायचं, मग त्या चार बोटांएवढ्या कापून दोन्हीकडे थेट सोल्डर मारल्या.

सॉफ्टवेअरमध्ये मी पायची साधी लाईट सिस्टिम आणि एमपीडी ठेवलंय. ज्यांना हे हाताने करायचं नसेल त्यांनी व्हॉल्यूमिओ टाकावं, त्यात यादीतून बोर्ड निवडता येतो. एमपीडीमध्ये कार्डाचा नंबर न लिहिता नाव लिहा, आणि मिक्सर सॉफ्टवेअरवर ठेवा कारण बोर्डाला स्वतःचा व्हॉल्यूम नाही. आम्ही तर व्हॉल्यूम शंभरावर ठेवून अॅम्प्लिफायरचीच चकती फिरवतो, आत्याला ते आवडतं, हाताला लागणारी चकती. तंबोऱ्याच्या फाईल एमपी थ्री नको, एमपी थ्रीच्या सुरुवातीला आणि शेवटाला थोडी शांतता चिकटते आणि वीस मिनिटांनी फाईल परत सुरू होताना ठेच लागते. फ्लॅक ह्या दुसऱ्या प्रकारात केल्या, पंचमाच्या बरोबर आधी कापल्या आणि रिपीट लावलं, जोड कुठं आहे ते मला स्वतःला सापडत नाही.

बटणं लावणार असाल तर जीपीआयओ १८, १९, २० आणि २१ सोडून लावा, ते आय टू एस चे (हे चिपचे नंबर, वर सांगितलेले १२, ३५, ४० हे पिनांच्या जागेचे). मी बंद करायचं बटण २१ वर घेतलं होतं, एका ठिकाणी तसंच वाचलेलं म्हणून, आणि दाबलं की आवाजाचीच वायर ग्राउंडला. आता बटणं ५, ६ आणि १३ वर आहेत.

मिरजेत लाईट जाते येते, आणि आत्या काही शटडाऊन वगैरे करणार नाही, ती प्लगचं बटणच बंद करणार. म्हणून रास्पी कॉन्फिगमध्ये परफॉर्मन्सच्या आत ओव्हरले फाईल सिस्टिम आहे ते चालू केलं, त्याने कार्डावर काही लिहिलंच जात नाही. चार महिन्यांत किती वेळा लाईट गेली असेल, कार्ड एकदाही बिघडलं नाही. वायफाय पण बंद ठेवलंय, लागतच नाही.

नावडलेलं पण लिहितो. गाणं थांबताना आणि सुरू होताना अगदी बारीक टक असा आवाज येतो, शांत खोलीत कळतो. बोर्डाला भोकं आहेत पण पायच्या भोकांशी जुळत नाहीत, डब्यात वेगळा बसवावा लागतो. जॅक थोडा ढिला वाटला म्हणून मी बाजूच्या रांगेतल्या आउटपुट पिनांवरून थेट आरसीए काढलंय. आणि सगळ्यात मोठी तक्रार अर्थातच ते कोरे ठिपके. कारखान्यातच एक थेंब मारायचा तो मारत नाहीत, बरोबर एक चिठ्ठी पण नाही, आणि ज्याने पहिल्यांदा घेतलाय तो बिचारा बोर्ड खराब निघाला म्हणून फेकून देणार. नंतर मी आणखी दोन मागवले, वेगळ्या दुकानातून, त्यातला एक पूर्ण जोडलेला आला आणि एकावर मागचे चार होते पण पुढचा एससीकेचा नव्हता. म्हणजे नशिबावर आहे. जांभळा रंग आणि छापील अक्षरं तिन्हींवर एकसारखी.

ज्याच्याकडे सोल्डर गन नाही आणि शिकायची पण इच्छा नाही त्याने सरळ पीसीएम ५१२२ वाला हॅट घ्यावा, जास्तीचे पैसे जातील पण टोपीसारखा बसेल, व्हॉल्यूम पण आतून मिळेल आणि काही चुकलं तर लिनक्स स्वतः सांगेल की बोर्ड दिसत नाही. त्या शेवटच्या गोष्टीचीच खरी किंमत आहे असं आता मला वाटतं. पण सोल्डर येत असेल तर ३८० रुपयात असा आवाज दुसरीकडे मिळणार नाही, मी तरी ऐकला नाही. माझ्याकडून पाचपैकी चार, आणि तो एक ठिपक्यांसाठी कापलेला.

आत्याच्या क्लासला आता इचलकरंजीहून एक मुलगी येते, काळी चारला गाते, तिला घरी रियाजाला असाच डबा हवाय. परवा आत्याने तिच्यासाठी तंबोरा काळी चारला लावून रेकॉर्ड करून दिला, ह्यावेळी हात शेकायला फक्त एकदा थांबली. बोर्ड आलाय, कालच पाकीट फोडलं आणि पहिल्यांदा उलटा केला, एक दोन आणि चार आहेत, तीन नाही. आज रात्री गन तापवतो.